टीव्हीचा गेलेला काठ

पहिल्यांदा टीव्हीवर कॉम्प्युटरचं चित्र उमटलं तेव्हा पोरगी टाळ्या वाजवायला लागली, बायको किचनमधून हात पुसत बघायला आली, आणि अप्पा पडद्याजवळ जाऊन एकदा खालून वर बघून म्हणले, "याचा काठ कुठं गेला रे?"

मला आधी कळेचना. काठ कसला, टीव्ही आहे हा. मग त्यांनी बोट ठेवून दाखवलं. खाली घड्याळ-तारीख असती ती विंडोजची पट्टी निम्मी कापलेली, वर कोपऱ्यात खिडकी बंद करायची फुली अर्धी बाहेर, डावीकडच्या आयकॉनखालच्या नावांची पहिली अक्षरं गायब. अप्पांनी ३१ वर्षं चादरीच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर काढलीत. चादर हातात आली की ते आधी काठ बघतात, मग मधलं डिझाईन. त्यांना जे पहिल्या मिनिटात दिसलं ते नीट करायला मला पुढं तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यात जे काय समजलं ते इथं सगळं लिहून ठेवतोय, कारण कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा म्हणजे एक वायर लावायची एवढंच सगळे सांगतात आणि खरं काम वायर लावल्यावर चालू होतं.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेपासून. अप्पांचे गुडघे गेलेत, त्यामुळं ह्या संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीला ते जाऊ शकले नाहीत. सात नंदीध्वज, पांढरे बाराबंदी घातलेले हजारो लोक, हे त्यांनी लहानपणापासून एक वर्ष चुकवलेलं नव्हतं. अक्षता सोहळ्याचं लाईव्ह मी त्यांना मोबाईलवर लावून दिलं. ते तळहाताएवढ्या पडद्याला डोळे लावून बसले आणि "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" चालू झालं तेव्हा त्यांनी बसल्या जागी हात जोडले, तेव्हाच मी ठरवलं की हे मोठ्या टीव्हीवर दिसलं पाहिजे. दुसरं कारण म्हणजे कपाटात ठेवलेल्या तीन व्हीएचएस कॅसेट. १९९७ साली धाकट्या आत्याचं लग्न झालं त्याचं शूटिंग त्यात आहे, आणि आमच्या आज्जीचं हलतं-बोलतं चित्र जगात तेवढ्या एकाच ठिकाणी आहे.

टीव्ही आमच्याकडं ४३ इंची फुल एचडी आहे, आधीच घेतलेला, स्मार्ट नाही. स्मार्टवाला घे नायतर टीव्हीत खोचायची नेटची काडी लाव असं सगळेच म्हणले, पण मला पेनड्राईव्हवरचं, जुन्या हार्डडिस्कवरचं, डीव्हीडीवरचं सगळं चालणारी एकच गोष्ट हवी होती, आणि पोरीला त्याच पडद्यावर अभ्यासाचे व्हिडिओ. म्हणून एका ऑफिसातून निघालेला छोटा कॉम्प्युटर घेतला, चौथ्या पिढीचा आय-५, आठ जीबी रॅम, डबा पोळपाटाएवढा. साडेसहा हजार पडले. ग्राफिक्स कार्ड वेगळं नाही, इंटेलचं आतलंच. फुल एचडीसाठी ते भरपूर झालं. फक्त एक सांगतो, 4के टीव्ही असेल तर हा एवढा जुना डबा घेऊ नका, कारण त्या काळच्या ह्या मशिनांची एचडीएमआय पिन १.४ ची असती आणि 4के चित्र ती सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकते, माऊस हलवला की बाण अडखळत जातो. ६० वेळा पाठवायला एचडीएमआय २.० लागतं.

केबल आणायला नवी पेठेत गेलो. दुकानदारानं आधी बाराशेची काढली, सोन्याचा मुलामा, जाड जाळीचं आवरण, "चित्रात फरक दिसतो साहेब". दीड मीटरच्या अंतरात काही फरक दिसत नाही. एचडीएमआयमधनं जातात ते आकडे, ते एकतर पोचतात नायतर नाही. केबल कमजोर असेल तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, नायतर चित्र मध्येच जाऊन येतं, रंग फिके पडलेत किंवा अक्षर पुसट झालंय असं केबलनं होत नाही. दोनशेची घेतली, आजपर्यंत एकदाही त्रास नाही. लांब केबलचं वेगळं. ऑफिसातल्या मित्राकडनं पंधरा मीटरची आणून आतल्या खोलीतनं जोडून बघितली होती, तीत खरंच दर दहा मिनिटाला पडदा काळा व्हायचा.

आता झिणझिण्यांची गोष्ट, ही मी सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होती.

आमचं घर साखर पेठेत, जुनं, वायरिंग वडिलांच्या वेळचं. बोर्डात तीन भोकं आहेत पण वरच्या मोठ्या भोकाला मागं वायरच नाही. टीव्हीला केबलवाल्याची गोल वायर लावलेली होती, कॉम्प्युटर चालू होता, आणि मी अनवाणी फरशीवर बसून एचडीएमआय केबलचं टोक टीव्हीच्या मागं घालायला गेलो तर मनगटापर्यंत झिणझिण्या आल्या. जोराचा शॉक नव्हे, मुंग्या आल्यासारखं. परत हात लावला, परत तेच. टेस्टर डब्याच्या पत्र्याला लावला तर टेस्टर पेटला. मी तसंच दुर्लक्ष करून केबल घातली, काढली, घातली, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला टीव्हीची ती पिन मेली. सिग्नल नाही, एवढंच दाखवत राहिला. नशिबानं दुसरी पिन होती.

शेजारचे वायरमन मामा, त्यांनी आयुष्यभर कारखान्यांच्या मोटारी बांधल्यात, त्यांना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटर लावला, डब्याचा पत्रा आणि नळाच्या लोखंडी पाईपाच्या मधे ११० च्या आसपास व्होल्ट. मला वाटलं सप्लाय जळाला. ते म्हणले, "जळालं काय नाय, हे असंच असतंय. आतल्या पॉवर सप्लायमधे फेज आणि न्यूट्रलकडनं पत्र्याला दोन बारीक कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतली खरखर गाळायला. त्यांचा निचरा अर्थिंगमधनं व्हायला पाहिजे. तुमच्यात अर्थिंगच नाय, मग २३० चं निम्मं पत्र्यावर येऊन बसतंय की." करंट अगदी कमी असतो म्हणून माणसाला नुसत्या मुंग्या येतात, पण केबलवाल्याची वायर बाहेरनं स्वतःची जमीन घेऊन आलेली असते, कॉम्प्युटरचा पत्रा हवेत तरंगत असतो, आणि दोन्ही चालू असताना एचडीएमआय जोडली की हा सगळा फरक त्या बारक्या पिनांमधनं वाट काढतो. नाजूक चिप तिथंच जाते.

मग रीतसर अर्थिंग केलं. परसात खड्डा, पाईप, मीठ-कोळसा, वरनं पाणी, तिथनं हिरवी वायर आत बोर्डापर्यंत. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहायला लागतं, कोरडा पडला की अर्थिंग नावाला उरतं, आणि आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापुरातल्या माणसाला सांगायला नको. अप्पा भाज्या धुतलेलं पाणी तिथं नेऊन ओततात. खर्च झाला अडीच हजार, म्हणजे डब्याच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त, पण ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात योग्य जागी गेलेले पैसे हेच. ज्यांच्या घरी टेस्टर पत्र्यावर पेटतोय त्यांनी पुढचं काहीही वाचायच्या आधी ते काम करून घ्या. आणि तोवर निदान एवढं करा, दोन्हीच्या पिना बोर्डातनं काढा, केबलवाल्याची वायर काढा, मग एचडीएमआय जोडा, मग सगळं चालू करा.

आता काठ.

मित्राला फोन केला तर तो म्हणला, "सोपंय बे, ग्राफिक्सच्या सेटिंगात जा, तिथं स्केलिंगची पट्टी सरकव, चित्र बारीक होतंय, बसतंय आत." केलं. खरंच बसलं. चारी बाजू दिसायला लागल्या, घड्याळ पूर्ण आलं. मी खूश. पण संध्याकाळी पोरगी तिचा धडा वाचायला बसली आणि म्हणली बाबा अक्षरं चोळल्यासारखी दिसतात. जवळ जाऊन बघितलं तर खरंच, 'क्ष' ची गाठ भरून गेलेली, बारीक अनुस्वार तर दिसतच नव्हता.

झालं होतं असं की रोग एकीकडं आणि औषध दुसरीकडं. कॉम्प्युटर १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र पाठवतो, टीव्हीच्या काचेवर पण तेवढेच ठिपके आहेत, वीस लाखाच्या वर. एकास एक बसले पाहिजेत. पण टीव्ही काय करतो, आलेलं चित्र थोडं फुगवतो आणि कडेचं बाहेर ढकलतो. ही सवय जुन्या पिक्चर ट्यूबच्या जमान्यातली आहे. त्या वेळी ट्यूबवर चित्र कडेला वाकडंतिकडं व्हायचं, व्होल्टेज कमीजास्त झालं की आक्रसायचं, म्हणून मुद्दाम मोठं काढून कडा चौकटीच्या मागं लपवायचे, आणि शूटिंग करणारे पण महत्त्वाचं काही कडेला ठेवायचे नाहीत. ट्यूब गेली, सवय राहिली. आता मी काय केलं होतं, तर कॉम्प्युटरकडनं चित्र आधी बारीक करून घेतलं आणि टीव्ही ते परत फुगवत होता. दोनदा ताणल्यावर अक्षर कसं राहील चांगलं. अप्पांच्या भाषेत सांगायचं तर चादर आखडली म्हणून ओढून बसवली, पण वीण सरकली.

खरा उपाय टीव्हीत होता. रिमोटवरनं पिक्चरच्या मेनूत, तिथनं पिक्चर साईज, तिथं '१६:९' ऐवजी आत दडलेला एक पर्याय. आमच्या टीव्हीवर त्याचं नाव 'जस्ट स्कॅन', दुसऱ्यांच्या टीव्हीवर 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल', 'डॉट बाय डॉट', काहीपण असतं, अर्थ एकच की आलेलं चित्र आहे तसं दाखव. ते केलं, कॉम्प्युटरची पट्टी शून्यावर नेली, आणि पडदा एकदम असा लखलखीत झाला की काच पुसल्यासारखं वाटलं. अप्पांना बोलावलं. त्यांनी चारी कोपरे बघितले. "हां. आता पन्ना बरोबर आला," एवढंच म्हणले, आणि कारखान्यात माल पास करताना करायचे तशी मान हलवली.

अक्षरांचं मात्र अजून एक राहिलं होतं. पांढऱ्यावर लाल अक्षर असलं की त्याच्या कडेला रंग सांडल्यासारखा दिसायचा. टीव्ही सिनेमासाठी बनलेला, सिनेमात रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी ठेवलेली चालते, डोळ्याला समजत नाही, म्हणून आलेल्या चित्रातले रंग पण तो चार ठिपक्यांना मिळून एक असे धरतो. अक्षरात मात्र ते लगेच दिसतं. ह्याचा उपाय तर कुणी सांगितल्याशिवाय सापडणारच नाही असा आहे. टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या एचडीएमआयचं नाव बदलून 'पीसी' ठेवायचं. बऱ्याच टीव्हींमधे हे नाव नुसतं नाव नसतं, ते ठेवलं की टीव्ही प्रत्येक ठिपक्याचा रंग वेगळा घेतो आणि स्वतःची कलाकुसर बरीचशी बंद करतो, त्यामुळं माऊसचा उशीर पण कमी होतो. शार्पनेस मी शून्यावर नेला, कारण तो वाढवला की अक्षराभोवती पांढरी किनार येते. विंडोजमधे अक्षरांचा आकार १५० टक्के केला, सोफ्यावरनं दहा फुटावरनं वाचायचं असतं, टेबलावरच्या मॉनिटरचा हिशोब इथं चालत नाही.

काळा रंग. आत्याच्या लग्नात आज्जीनं काळी चंद्रकळा नेसलीय, म्हणून मला काळा नीट हवा होता. पहिल्यांदा सगळं काळं राखेसारखं दिसत होतं. टीव्हीच्या दुनियेत काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५ असं धरतात, कॉम्प्युटरच्या दुनियेत ० ते २५५. एकानं एक भाषा बोलायची आणि दुसऱ्यानं दुसरी ऐकायची असं झालं की काळा राखाडी होतो, नायतर उलटं, अंधारातलं सगळं एकच डांबर होऊन बसतं. दोन्हीकडं एकच सेटिंग पाहिजे. मी इंटेलच्या पॅनेलमधे 'फुल' केलं आणि टीव्हीत पण एचडीएमआयचा काळा त्याप्रमाणं बदलला.

आवाजाचं फार लिहित नाही. एचडीएमआयमधनं आवाज पण जातो, पण कॉम्प्युटरला सांगायला लागतं की बाबा आता तू टीव्हीतनं बोल, स्पीकरच्या चिन्हावर जाऊन टीव्ही निवडायचा. जुनी व्हीजीए वायर वापरणार असाल तर तीतनं आवाज जातच नाही, वेगळी वायर टाका. आमच्यात एक भानगड अशी झाली की गाणी ढणाढणा आणि बोलणं कुजबुजल्यासारखं. ५.१, म्हणजे खोलीभर लावलेल्या बऱ्याच स्पीकरांचा हिशोब, निवडलं गेलं होतं, त्यात माणसांचा आवाज मधल्या स्पीकरला जातो आणि टीव्हीला मधला स्पीकर नाहीच. स्टिरिओ केल्यावर बोलणं परत आलं. जुना होम थिएटरचा ॲम्प्लिफायर जोडला तेव्हा आधी "हुंऽऽ" असा घुमारा यायचा, तो अर्थिंग झाल्यावर बऱ्यापैकी गेला, आणि जो राहिला तो केबलवाल्याची गोल वायर काढली की पूर्ण बंद, म्हणजे त्याचं मूळ पण तेच, दोन जमिनी.

लाईटचं एक सांगायचं राहिलं. लाईट जाऊन आली की कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायचा आणि टीव्ही बंदच असायचा. कॉम्प्युटर उठल्या उठल्या टीव्हीला विचारतो तू कोण, किती ठिपक्यांचा, आवाज घेतोस का, आणि टीव्ही एक छोटीशी ओळखचिठ्ठी देतो. आमचा टीव्ही झोपेत चिठ्ठी द्यायचा नाही, मग कॉम्प्युटर मनानंच काहीतरी बारीक रिझोल्युशन धरायचा आणि संध्याकाळी बघावं तर सगळं ढोबळ. म्हणून बायॉसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी लागणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगात जाऊन लाईट आल्यावर बंदच राहायचं असं केलं, आणि घरात नियम, आधी टीव्ही लावायचा मग डबा.

डब्याच्या पंख्याचं पण झालं. आजूबाजूला यंत्रमाग, दिवसभर खडखड आणि हवेत रुई. दोन महिन्यात पंखा विमानासारखा ओरडायला लागला. उघडला तर जाळीवर कापसाचा असा थर की बोटानं उचलून काढावा, एक वात झाली असती समईला. मोबाईलवर काढलेले नवे व्हिडिओ लावले की जास्तच ओरडायचा, कारण ते आता बऱ्याचदा एचईव्हीसी ह्या व्हिडिओ दाबून बारीक करायच्या नव्या प्रकारात येतात आणि ह्या जुन्या चिपमधे त्याच्यासाठी वेगळी सोय नाही, सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर. साफ केला, थर्मल पेस्ट नवीन लावली, आणि आता दर महिन्याला ब्रशनं झाडतो. एप्रिल-मे मधे ४३-४४ डिग्री झाली की डबा कपाटात कोंडू नका, बाहेर ठेवा.

आता कॅसेट.

व्हीसीआर कुणाकडंच राहिला नाही. दत्त चौकाकडच्या एका जुन्या स्टुडिओवाल्यानं एक कॅसेट डीव्हीडीवर उतरवून दिली, दुसऱ्या दोन बुरशी आलीय म्हणून ठेवून घेतल्या. रविवारी दुपारी सगळे बसलो. कोडी नावाचं व्हिडिओ लावायचं सॉफ्टवेअर टाकलं होतं, फुकट असतं, पूर्वी त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, २०१४ ला बदललं, रिमोटनं चालवायला सोपं म्हणून घेतलं. टीव्हीचा स्वतःचा रिमोट कॉम्प्युटरला चालत नाही, बहुतेक कॉम्प्युटरमधे ती सोयच नसते, म्हणून यूएसबीचा छोटा वेगळा रिमोट.

चित्र आलं आणि सगळी वऱ्हाडी मंडळी जाडी. आत्या तर ओळखू येईना. जुनं चित्र चारास तीन आकाराचं, आणि मी मागं कधीतरी व्ह्यू मोड ताणून पडदाभर भरायचा ठेवला होता. तो 'नॉर्मल' केला, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं माणसांसारखी झाली. बायको म्हणली पट्ट्या वाईट दिसतात, पण अप्पाच म्हणले राहू दे, कापडापेक्षा टेबल मोठं आहे, एवढंच.

मग दिसलं की कुणी हात हलवला की हाताला कंगव्याचे दात फुटतात. जुन्या टीव्हीचं चित्र दोन हप्त्यात यायचं, आधी विषम रेघा मग सम रेघा, सेकंदाला ५० हप्ते. दोन्ही एकदम दाखवले की हललेल्या वस्तूच्या रेघा जुळत नाहीत. कोडीत डीइंटरलेस चालू केल्यावर दात गेले.

तरी पण काहीतरी खुपत होतं. पंगतीचं शूटिंग आहे, कॅमेरावाला पंगतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत कॅमेरा फिरवत जातो, आणि ते चालताना चित्र ठेचकाळत होतं. थोडं सरकतंय, अडतंय, सरकतंय. मी डबा कमी पडतोय समजून हे बंद कर ते बंद कर केलं. अप्पा बघत होते. मग म्हणले, "ताकद कमी नाही त्याची. ठोका चुकतोय. माग असा चालला की समजायचं धोटा आणि फणी जुळत नाहीत."

रात्री झोप येईना म्हणून उठून बसलो आणि ठोका शोधत राहिलो. आणि खरंच ठोकाच होता. कॉम्प्युटर टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो, कारण तसंच ठेवलेलं असतं, अमेरिकेचा हिशोब. आपली कॅसेट पाल पद्धतीची. १९८२ ला एशियाडच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेव्हापासून आपल्याकडं तीच, ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. आता २५ ला ६० मधे बसवायचं म्हणजे प्रत्येक चित्र २.४ वेळा दाखवायचं, ते तर होत नाही, मग कुठलं दोनदा कुठलं तीनदा, आणि तोच तो अडखळा. टीव्हीला ५० वर चालता येतं, आपल्याकडं विकलेल्या टीव्हीला यायलाच पाहिजे, सेटटॉप बॉक्स त्याच्यावरच चालतात. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगात रिफ्रेश रेट ६० चा ५० केला. पन्नास हप्ते, पन्नास चित्रं, एकास एक. कोडीत एक खूण असती, व्हिडिओप्रमाणं रिफ्रेश रेट आपोआप बदल, ती पण लावली, म्हणजे सिनेमा लागला की २४ आणि आपली जुनी शूटिंग लागली की ५०. बदलताना पडदा दोन सेकंद काळा होतो, घाबरायचं नाही.

रात्री दीड वाजता आवाज बंद करून एकट्यानं ती पंगत लावली. कॅमेरा ह्या टोकापासून त्या टोकाला असा गेला जसं कुणी तेल लावलेल्या हातानं फिरवावा.

सकाळी अप्पांना न सांगता चहाच्या वेळेला लावलं. पंगत सुरू झाली, केळीची पानं, वाढपी, एक काका कॅमेरा बघून घास हातात धरून बसलेले. अप्पा कपबशी धरून बघत होते. कॅमेरा उजवीकडं सरकत गेला, खांब आला, खांबाच्या पलीकडं पार कडेला आज्जी भिंतीला टेकून बसलेली, काळी चंद्रकळा, मांडीवर घडी घातलेली चादर. पहिल्या रविवारी ताणून भरलेल्या पडद्यावर ती होतीच, पण एवढी पसरलेली की तिच्याकडं कुणाची नजर गेली नव्हती. आणि जर टीव्हीनं कडा कापायची सवय सोडली नसती तर त्या ताणलेल्या चित्रात तिचा खांदा आणि ती चादर पडद्याबाहेरच राहिली असती. चित्राच्या अगदी खाली एक पांढरी पट्टी फुरफुरत होती, व्हीएचएसला ती असतेच, पूर्वी ट्यूबच्या चौकटीमागं लपायची, आता दिसते. मी म्हणलं ही कापून टाकतो अप्पा, कोडीत झूम केलं की जाते.

"काय कापू नको," अप्पा म्हणले. "थांबव तिथं."

थांबवलं. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवत टीव्हीपर्यंत गेले, आणि आज्जीच्या मांडीवरच्या चादरीच्या काठावर बोट ठेवलं. लाल काठ, त्यात पिवळे चौकोन. बराच वेळ बोट तिथंच होतं.

"ही माझ्या मागावरची," म्हणले. "पिवळ्याचा ताणा कमी पडला होता त्या दिवशी. बघ, तिसऱ्या चौकोनाला रंग बदललाय."

मी जवळ जाऊन बघितलं. १९९७ ची कॅसेट, ५७६ रेघांचं चित्र, तिसरा चौकोन मला बाकीच्यांसारखाच दिसत होता. पण अप्पा तिथनं हलेनात, म्हणून मी रिमोट त्यांच्या हातात दिला आणि कुठलं बटण दाबलं की चित्र पुढं जातं आणि कुठलं दाबलं की मागं येतं ते त्यांना दाखवलं.

स्टुडिओवाल्याचा काल फोन आला होता. बुरशीच्या दोन्हीतली एक साफ झालीय, तिच्यात गड्ड्याचं काहीतरी शूटिंग आहे म्हणतोय, शनिवारी आणायला जातोय.